दुपारपाळीचे ठोके

१

दुपारचं जेवण झालं की मॉस्टिन प्यू बैठकीच्या खोलीत शेगडीकडे पाठ करून बसायचा आणि बसल्या जागी झोपायचा. शेगडी म्हणजे भिंतीतली, कोळशाची. कोळसा घरात येणं कधीच बंद झालं होतं. तिच्या तोंडाशी आता विजेचा हीटर होता. मागचा बिडाचा पत्रा मात्र जागच्या जागी होता आणि निखारे ढोसायची सळईही खिळ्याला लटकत होती. बायको, ओल्विन, गेली तेव्हा मुलीनं येऊन निम्मं घर आवरलं. ती सळई फेकायला निघाली तर मॉस्टिन म्हणाला, "नाही." एवढंच. पॉन्टवेन गावात प्यू आणि जोन्स ढिगानं, म्हणून प्रत्येकाला काहीतरी शेपूट लावावं लागे. याला लोक 'मॉस्टिन नाही' म्हणायचे. त्यानं ते नाव आयुष्यभर राखलं.

सिंडर रो ही दहा घरांची रांग. सगळी एकमेकांना चिकटलेली. एक नंबर नदीवरच्या पुलाच्या टोकाला, दहा नंबर टेकडीच्या पायथ्याला. पुलापलीकडे पोलादाचा कारखाना होता. होता म्हणजे आता नाही. गेट गेलं, भट्ट्या गेल्या, चिमण्या पाडल्या तेव्हा गावानं उभं राहून बघितलं, काहींनी तर सँडविच नेले होते बघायला. मॉस्टिन गेला नाही. पुढं माणसंही गेली, काही शहराकडे, काही छातीच्या खोकल्यानं. घरांच्या दारा-खिडक्यांवर नगरपालिकेनं पत्रे ठोकले. उरली दोन घरं. नऊ नंबरात मॉस्टिन, आणि दहा नंबरात ग्विलिम जोन्स आणि त्याची बायको बेटी.

कारखाना होता तेव्हा रांगेत एक पद्धत होती. अख्ख्या रांगेत भरवशाचं घड्याळ एकच, ते एक नंबरच्या घरात. पाळीची वेळ झाली की एक नंबरचा माणूस सळईनं स्वैपाकघरातल्या चुलीमागच्या पत्र्यावर तीन ठोके द्यायचा. पलीकडच्या दोन नंबरवाल्यानं आपल्या शेगडीच्या पत्र्यावर दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं: उठलो, येतो. मग त्यानं उठून स्वैपाकघरात जायचं, दुसऱ्या भिंतीतल्या चुलीच्या पत्र्यावर तीन ठोके द्यायचे, तीन नंबरला उठवायचं. असं करत ठोके दहापर्यंत जायचे. सकाळपाळी असो, रातपाळी असो, दुपारचं जेवून आडवा झालेला माणूस असो. पलीकडून उत्तर आलंच नाही, तर उठवणाऱ्यानं बूट घालून बाहेर पडायचं आणि ते घर सोडून पुढच्या घराच्या काचेवर बोटाच्या पेरानं वाजवायचं. मधला आजारी असेल, मेला असेल, पण साखळी तुटता कामा नये. भट्टीसमोर एक माणूस कमी पडला तर त्याच्या वाट्याची धग दुसऱ्याला खावी लागायची. दोन ठोके दिले आणि आला नाही, असा माणूस सिंडर रोमध्ये झाला नाही.

नोव्हेंबरातली ती दुपार इतर दुपारांसारखीच होती. मॉस्टिन झोपला होता. झोपेतच त्याला लांबून ठोके ऐकू आले. तीन. मग दोन. मग आणखी जरा जवळून तीन.

त्यानं डोळे उघडले. हीटरचा आवाज, बस्स.

"मर," तो हीटरला म्हणाला आणि पुन्हा झोपला.

२

दुसऱ्या दिवशी ठोके पाच नंबरपर्यंत आले. त्याच्या पुढच्या दिवशी सातपर्यंत. मॉस्टिननं कान देऊन ऐकलं. घर कुठलं ते आवाजावरून ओळखणं अवघड नव्हतं, जन्म त्यात गेला होता. सातचं उत्तर नेहमी दबकं यायचं, कारण सातवाल्याच्या सळईचं टोक मोडलेलं होतं. आत्ताही दबकंच आलं.

त्यानं स्वतःला समजावलं. तांब्याचे पाइप काढायला चोर शिरतात रिकाम्या घरांत, ते असतील. मग म्हणाला, चोर रोज त्याच वेळी येऊन एका रांगेत एक एक घर वाजवत बसेल कशाला? मग म्हणाला, आपलंच डोकं. पण डोकं फिरलेल्या माणसाला शेजारच्याची सळई मोडकी होती हे इतकं नीट आठवतं का, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं नगरपालिकेत फोन केला.

केरी बोवेन आला. हा भट्टीवरच्या रॉन बोवेनचा मुलगा. पन्नाशीला टेकलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"मॉस्टिनकाका, उंदीर असतील."

"उंदीर तीन वाजवून उत्तराला थांबतो?"

"मग वारा. धुराड्यात वारा शिरला की पत्रा वाजतो."

"वारा तुझ्या डोक्यात शिरलाय. आठ नंबर उघड."

"काका, आत काही नाही. वीज तोडलीय, पाणी तोडलंय. आणि खरं सांगू का, तुम्ही दोन घरं इथून हललात तर सगळ्यांचंच बरं होईल. नवे फ्लॅट बघितलेत? गरम पाणी चोवीस तास."

"तुझा बाप या आठ नंबरात एम्रिसबरोबर पत्ते खेळायचा आणि हरला की रडायचा. उघड."

केरीनं मागच्या दाराच्या पत्र्याचे स्क्रू काढले. आत गार, ओलसर वास. फरशीवर धुळीचा जाड थर, त्यावर पाऊल नाही, मांजराचंसुद्धा नाही. भिंतीवर एम्रिसनं लावलेल्या पिवळ्या कागदाचे पापुद्रे लोंबत होते. इथं राहणारा एम्रिस कारखाना बंद झाल्यावर दुसऱ्याच वर्षी वारला होता.

"बघा," केरी म्हणाला. "चूलपण नाही. जुन्या चुलींना शहरात भाव येतो. चोरांनी उपटून नेली, पत्र्यासकट."

खरंच तिथं नुसतं भोक होतं. सळईनं वाजवायला काहीच नव्हतं. मॉस्टिन कण्हत गुडघ्यावर बसला आणि केरीच्या हातातली बॅटरी घेऊन त्यानं भोकात उजेड टाकला. मधल्या विटा ढासळल्या होत्या. पलीकडे बिडाचा पत्रा दिसत होता. तो त्याच्याच घरचा पत्रा होता, पाठीकडून. पन्नास-साठ वर्षांची काजळी चढून काळा मिट्ट झालेला. मध्यावर मात्र काजळी उडाली होती. तेवढ्या जागी लोखंड उघडं पडलं होतं, आणि ते ताजं चमकत होतं.

"काय आहे?" केरीनं विचारलं.

"काही नाही," मॉस्टिन म्हणाला.

आठ नंबरचे ठोके अजून त्यानं ऐकलेले नव्हते. ते आले असणार, तो झोपेत असताना. आणि त्यानं उत्तर दिलेलं नव्हतं. की दिलं होतं?

३

केरी येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. बेटी डोक्याला प्लॅस्टिकची टोपी बांधून दारात आली.

"मॉस्टिन, मी गोळ्या आणायला चाललेय. बस पकडून तासाभरात येते. हा झोपलाय. जरा कान ठेव."

"कानच ठेवून बसलोय मी आठवडाभर."

"कशाला?"

"कशाला नाही. जा तू, भिजशील."

ग्विलिमचं डोकं दोन वर्षांपासून रुळावरून उतरलं होतं. चहात पूर्वी चार चमचे साखर घालायचा, आता घातलीय हे विसरून पुन्हा घालायचा. कधी आईला हाका मारायचा. पण भांडखोर झाला नव्हता. हसायचा आणि जे सांगाल ते ऐकायचा. शनिवारी त्यांची मुलगी दोघांना स्वतःकडे कार्डिफला न्यायला येणार होती, कायमचं. बेटीनं खोके बांधायला जुने पेपर मागितले तेव्हा मॉस्टिननं ते मोजकेच दिले.

त्यानं कालच्या बटाट्याच्या तळलेल्या फोडी तव्यावर गरम करून खाल्ल्या. आज झोपायचंच नाही असं ठरवलं. खुर्ची फिरवून शेगडीकडे तोंड करून बसला. पण पोट भरलं, हीटर लागला, पाऊस काचेवर एका लयीत पडत राहिला. झोपेत त्याला स्वैपाकघरातून बेकन तळल्याचा वास आला आणि ओल्विनच्या बांगडीचा आवाज. तिची ती एकच बांगडी, बाजारातली.

तीन ठोके.

हात वर गेला, सळई खिळ्यावरून निघाली, दोन ठोके दिले. अंग जड, डोळे मिटलेले. पायांनी स्वैपाकघर गाठलं. चुलीच्या पत्र्यावर तीन ठोके दिले. हे सगळं पायांना आणि हातांना पाठ होतं, त्यात मॉस्टिनचं काम नव्हतं. मग तो खुर्चीत परत आला आणि बुटांच्या नाड्या बांधायला वाकला. नाड्या सापडेनात. पायांत सपाता होत्या.

तेव्हा त्याला जाग आली. हातात सळई होती.

आणि स्वैपाकघरातल्या भिंतीतून, दहा नंबरातून, उत्तर आलं. दोन ठोके. दणदणीत, जवान माणसाचे.

"ग्विल!" मॉस्टिन ओरडला. "ग्विल, नाही! चूक झाली!"

त्याला सपाता काढून बूट घालायला वेळ लागला. त्याच्या गुडघ्यांना सगळ्यालाच वेळ लागायचा. खिडकीबाहेरून कोणीतरी ताड ताड गेलं. डोक्यावर टोपी, गळ्यात घामाचा टॉवेल, काखेत डबा. डब्यात काहीतरी खुळखुळत होतं.

४

ग्विलिम पुलावर सापडला. कठड्यापाशी नव्हे, बरोबर मध्यावर, चालतच होता. मॉस्टिननं मागून त्याचा कोट धरला. डबा हिसक्यानं खाली पडला, उघडला, आणि पुलावर बटणं सांडली. बेटी त्या डब्यात शिवणाची बटणं ठेवायची.

"सोड. उशीर होतोय."

"कुठं निघालास, बैला?"

"कुठं म्हणजे? तूच उठवलंस."

"मी झोपेत होतो, लेका. झोपेत हात चालला."

"झोपेत काय न् जागेपणी काय? तीन ठोके वाजले, मी दोन दिले. आता नाही म्हणू नकोस. सगळ्याला नाही म्हणायची खोडच आहे तुला." ग्विलिम हसला. कित्येक महिन्यांत तो इतकं सरळ बोलला नव्हता. "चल, एम्रिस कधीचा पुढं गेला. तो बघ, थांबलाय."

मॉस्टिननं तिकडं बघितलं नाही. पलीकडे काय आहे ते त्याला ठाऊक होतं: तारेचं कुंपण, गवत, पाण्याची डबकी. बघितलं असतं तर तेच दिसलं असतं. मग बघायला काय हरकत होती? पण त्यानं ग्विलिमच्या कोटाचं वरचं बटण बघितलं, फक्त तेवढंच.

"काय धग आहे रे आज," ग्विलिम म्हणाला आणि टॉवेलनं मान पुसली. "आठवतं, थंडीत पुलावर आलं की पहिल्यांदा तोंडाला लागायची?"

"पाऊस पडतोय, ग्विल. घरी चल. बेटी आली की माझं मुंडकं उडवेल."

बेटीचं नाव ऐकल्यावर त्याचं अंग सैल पडलं. चेहऱ्यावरचं ते सरळ हसू विझलं आणि नेहमीचं भाबडं आलं. तो वळला. तेव्हा मॉस्टिनला त्याचा उजवा गाल दिसला, जो इतका वेळ कारखान्याच्या बाजूला होता.

डावा गाल पावसानं निथळत होता. उजवा कोरडा होता. लाल, कोरडा, भाजल्यासारखा ताणलेला. उजव्या भुवईचे केस आखडून तपकिरी झाले होते. मॉस्टिननं बोट लावलं तर त्यांची भुकटी झाली.

त्यानं बटणं गोळा केली नाहीत.

५

"हीटरवर वाकला असेल," बेटी म्हणाली. तिनं भुवईला लोणी चोळलं. "मी गेले की नको ते उद्योग. आणि तू काय करत होतास रे? कान ठेव म्हटलं होतं ना?"

"डुलकी लागली."

"डुलकी! तुला एक काम सांगितलं. एक. पावसात पुलापर्यंत गेला तो. डॉक्टर म्हणालेत, त्याच्या काळजात काही राहिलेलं नाही, एकदा दम लागला की संपलं. माझ्याकडे दुसरं आहे काय? हेच आहे. हे एवढंच मला शनिवारपर्यंत धड न्यायचंय."

"न्यायचंयस ना? मग उद्या दाराला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव."

"का? उद्या काय आहे?"

सांगून काय झालं असतं? दोन खुळ्यांच्या मध्ये बसलेय असं तिला वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो जागा होता. सळई त्यानं काढून परसात टाकून दिली होती. ठोके एक नंबरापासून निघाले. तीन, दोन. तीन, दोन. सातचं दबकं. मग त्याच्या तोंडासमोर, हीटरच्या मागं, पत्र्यात: तीन.

तो हातांवर बसला. अक्षरशः मांडीखाली हात घालून बसला, हातांचा भरवसा नव्हता.

पुन्हा तीन. हीटरची जाळी किणकिणली.

पुन्हा तीन.

मग काही नाही. मॉस्टिनला वाटलं, झालं. उत्तर नाही म्हणजे संपलं. साखळी तुटली. एवढं सोपं होतं. तो उठायला गेला आणि तेवढ्यात त्याला आठवलं की उत्तर आलं नाही तर उठवणारा काय करतो.

आठ नंबरच्या दाराचा आवाज आला नाही. पत्रा तसाच होता, स्क्रू तसेच. पण बाहेरच्या फरशीवर बूट वाजले. नाल मारलेले, सावकाश. मॉस्टिननं मान खाली घातली आणि सतरंजीकडे बघत राहिला. खिडकीतून सतरंजीवर उजेडाचा एक करडा तुकडा पडला होता. बूट खिडकीशी आले. उजेड गेला. माणसाला चालत पुढं जायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ उजेड गेलेलाच राहिला. मग परत आला.

दहा नंबरच्या काचेवर बोटाचं पेर वाजलं. तीनदा.

त्यानंतरचं सगळं भिंतीतून ऐकू आलं. ग्विलिमची हाक, "आलो!" मग दाराच्या मुठीचा खडखडाट. मग दारावर धडका, बेटीचं ओरडणं, "ग्विल, बस, अरे बस, कोणी नाही!" धडका कितीतरी वेळ चालल्या. त्या थांबल्या तेव्हा मॉस्टिनला धडकांपेक्षा त्या थांबण्याची जास्त भीती वाटली.

तो धावला. बेटीनं दार उघडलं. तिची वेणी सुटली होती. ग्विलिम खुर्चीत होता, ओठ निळे, छाती भात्यासारखी, दोन्ही मुठींवर रक्त.

"कोण छळतंय आम्हाला?" बेटी म्हणाली. "काच बघ माझी. सकाळीच पुसली होती मी."

काचेवर तीन काळे ठसे होते. बाहेरून. तेलकट काजळीचे. बेटीनं ओलं फडकं घेऊन पुसायला सुरुवात केली, ते निघेनात, नुसते पसरले.

"खरं सांग मॉस्टिन. भिंत तूच तर वाजवत नाहीस ना? एकटेपणात माणूस काय काय करतो. रागावणार नाही मी."

"नाही," मॉस्टिन म्हणाला. इतक्या वर्षांच्या नाहींमध्ये हा एक निम्मा खोटा होता.

"उद्या पुन्हा असं झालं तर ग्विल शनिवार बघत नाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली, कारण दुसरं काय करणार?

मॉस्टिन ग्विलिमशेजारी बसला. त्यानं त्याच्या मुठीवरचं रक्त रुमालानं टिपलं. ग्विलिमनं डोळे उघडले.

"ओल्विन कशी आहे?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

"बरी कसली? बेटी सांगत होती, रक्त पडतंय खोकल्यात. तू थांब तिच्यापाशी. गेटवर यायचं नाव काढू नकोस. तुझी डबल मी मारतो."

"ग्विल..."

"गप. डबल मारली म्हणजे तुझी जागा भरली. कोणी विचारत नाही मग तुला. झोप जा."

हे त्यानं पूर्वी एकदा केलं होतं. शब्दानं सांगितलं नव्हतं, भिंतीतून सांगितलं होतं. ओल्विनच्या शेवटच्या आठवड्यात ग्विलिम सलग दोन-दोन पाळ्या भट्टीसमोर उभा राहिला. एक स्वतःची, एक मॉस्टिनची. त्याला पद्धत होती. दोन ठोके, जरा थांबून आणखी दोन. मी येतो, आणि शेजारच्याच्याही जागी उभा राहतो. मग ज्याची जागा भरली त्याला कोणी उठवायचं नाही. साखळी त्याच्या घराशी थांबायची आणि ते चालायचं.

बेटी चहा घेऊन आली तेव्हा मॉस्टिन दारात होता.

"चहा टाकलाय ना तुझा."

"नको."

"बघा, म्हणे नको. मेल्या, मग जागा तरी राहा उद्या."

"राहतो," मॉस्टिन म्हणाला.

घरी जाऊन त्यानं कंदील घेतला आणि परसातल्या ओल्या पाल्यातून सळई शोधून आणली.

६

सकाळी त्यानं दाढी केली. एक अंडं उकडून खाल्लं, कप विसळून पालथा घातला. माळ्यावरून ट्रंक काढून टॉवेल काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. नालांचे बूट आता चढेनात, म्हणून बागेतले घातले. डबा सापडला नाही. मग त्यानं पावाचे दोन तुकडे कागदात गुंडाळून खिशात टाकले, कारण रिकाम्या हातानं पाळीला जाणं त्याला बरं दिसेना.

हे सगळं करताना तो स्वतःशी वाद घालत होता. मॉस्टिन, तू म्हातारा झालायस. धुराड्यात वारा वाजतोय. काचेला कुणा टवाळानं हात लावला. ग्विलनं हीटरवर भुवई भाजून घेतली. यातलं एक एक सगळं खरं असू शकेल. मग तू सळई वाजवलीस तर काय बिघडलं? कोणी नाहीच, तर कोणी ऐकणारही नाही. पुलापर्यंत फेरी होईल. परत येशील. मुद्दा बिनतोड होता, तरी त्याला बरं वाटलं नाही.

त्यानं हीटर बंद करून बाजूला सारला. शेगडीसमोर बसला. पाऊस पुन्हा लागला होता.

ठोके निघाले. आज ते भराभर आले, जसे पाळीला उशीर झाला की यायचे. तीन, दोन. तीन, दोन. सात. मग आठ. मग त्याच्या समोरचा पत्रा थरथरला. तीन. पत्र्याच्या फटीतून काजळीची बारीक धार सतरंजीवर सांडली.

मॉस्टिननं दोन ठोके दिले. श्वास घेतला. आणखी दोन दिले.

पलीकडे शांतता झाली. तिथं कोणीतरी विचार करत होतं. पद्धत ते विसरले असतील तर? मग अगदी जवळून, जणू पत्र्याला तोंड लावून कुणी सांगावं तसे हलके दोन ठोके आले: ऐकलं. आणि तेच दोन मागं मागं गेले, सातकडे, सहाकडे, लांब लांब, एक नंबरापर्यंत. त्यानंतर रांग गप्प झाली. स्वैपाकघरातली भिंतही गप्प राहिली.

तो बाहेर आला. दार त्यानं नुसतं लोटून घेतलं.

दहा नंबरच्या खिडकीत ग्विलिम उभा होता. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, पट्ट्या बांधलेले हात काचेवर. त्या काळ्या ठशांच्या मधून तो बघत होता. मागं बेटी पाठमोरी, खोक्याला दोरी बांधत होती. मॉस्टिननं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग ग्विलिमकडे दाखवलं. मग पुन्हा स्वतःच्या छातीवर.

ग्विलिमनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्यानं गळ्यातला टॉवेल काढला, नीट चौघडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, टोपी त्यावर ठेवली, आणि पाळी संपलेल्या माणसासारखा खुर्चीत बसला.

मॉस्टिन रांगेवरून चालत निघाला. आठ, सात, सहा. पत्रे जागच्या जागी. त्यानं ते तपासले नाहीत, कडेनं दिसले तेवढे दिसले. मागं बूट वाजत नव्हते. पुढं वाजत होते. वळणापलीकडे, त्याला दिसणार नाही इतकेच पुढं. तो हळू झाला की ते हळू होत, शेवटच्या माणसासाठी थांबावं तसे.

"येतोय," तो पुटपुटला. "पाय भाड्यानं आणलेत का मी? येतोय."

पुलावर बेटीची बटणं अजून पडली होती. मॉस्टिननं नजर त्यांच्यावर ठेवली. एक निळं, एक शिंपल्याचं, एक पितळी. पावसात तो टोपीशिवाय आला होता, पाणी कपाळावरून डोळ्यांत येत होतं. मध्याच्या जरा पुढं गेल्यावर पाणी यायचं थांबलं. पाऊस थांबला नव्हता. नदीवर तो दिसत होता, पुलाच्या फळ्यांवर वाजत होता. एक थेंब त्याच्या गालावर पडला आणि तिथंच वाळला. दुसरा पडला, तोही वाळला.

पायाजवळची फळी कोरडी होती. तिच्या पुढची कोरडी होती आणि लाल दिसत होती.

मॉस्टिननं वर बघितलं नाही. त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडावर ओढून घेतला, भट्टीचं दार उघडायला लागलं की ओढतात तसा.